खालचा बाण हवाच

स्टॅक ओव्हरफ्लो आटलं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी प्रोग्रामरांसाठी सुरू केलेली ही प्रश्नोत्तरांची जागा. तिथे दोन कोटींहून जास्त प्रश्न साठले, २०२१ मध्ये प्रोसस कंपनीने ती १.८ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यावर नव्या प्रश्नांचा ओघ बघता बघता ओसरला. इथवर सगळ्यांचं एकमत. मतभेद सुरू होतात ते निदानावरून. आणि हे निदान हल्ली ज्याला त्याला तोंडपाठ असतं: तुसडेपणा.

युक्तिवाद असा. नवख्या मुलाने धीर करून प्रश्न टाकला की पाच मिनिटांत त्याला दोन-तीन उणे मतं पडायची, वर ‘ड्युप्लिकेट’ असा शिक्का बसायचा, खाली कुणीतरी ‘आधी शोधून पाहिलंस का?’ असं फटकारायचं. लोक हे सोसत होते, कारण पर्याय नव्हता. मुकाट्याने, गोड बोलून उत्तर देणारं यंत्र मिळाल्याबरोबर ते चालते झाले. सबब, यापुढे प्रश्नोत्तरांची जागा उभारणाऱ्याने खालचा बाण, म्हणजे नापसंतीचं मत देण्याची सोय, काढून टाकावी. प्रश्न कधीच बंद करू नये. नवख्याला आल्या आल्या शाबासकी द्यावी. खोट्या नावाआड लपू देऊ नये. आणि माणसांकडून उत्तर यायला वेळ लागत असेल तर यंत्राने ते तिथल्या तिथे द्यावं.

हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत प्रॉडक्टच्या बैठकांत ही यादी इतक्या वेळा वाचली जाते, की ती आता कुणी तपासूनही पाहत नाही. मला ती तपासायची आहे. यातली बहुतेक औषधं आधीच देऊन झाली आहेत, रोगीही आपल्यासमोर आहेत, आणि त्यांची प्रकृती पाहून हे औषध पुन्हा लिहून देण्याचं धाडस व्हायला नको.

आधी एक प्रश्न सोडवू: प्रश्नोत्तरांची जागा नेमकी कुणासाठी असते? टीकाकारांच्या डोळ्यांसमोर कायम विचारणारा असतो. साहजिक आहे, त्याचा अपमान दिसतो. पण २०१२ मध्ये एकाने विचारलं की विम नावाच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, आणि मे २०१७ पर्यंत तो प्रश्न दहा लाखांहून जास्त वेळा उघडला गेला होता. विचारणारा एक, वाचणारे लाखो. त्यातल्या बहुतेकांनी खातंसुद्धा काढलं नसणार. ते गूगलमधून येतात, उत्तर बघतात, काम उरकतात, निघून जातात. त्यांना कुणी गोड बोलावं अशी अपेक्षाच नसते. त्यांना हवं असतं बरोबर उत्तर, ते वरच्या बाजूला हवं असतं, आणि चुकीचं उत्तर चुकीचं आहे हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं हवं असतं. सोयी आखायच्या त्या या न बोलणाऱ्या माणसासाठी. टीकाकारांच्या यादीत त्याचं नावच नाही.

आता हिशेब. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला एक अनुकूल मत मिळालं की लिहिणाऱ्याच्या खात्यात १० गुण जमा होतात. विचारणाऱ्याने ते उत्तर स्वीकारलं तर आणखी १५. प्रतिकूल मत पडलं तर वजा होतात फक्त २. शिवाय उत्तराला खाली ढकलणाऱ्याला स्वतःचा १ गुण मोजावा लागतो. वरचा बाण वापरायला १५ गुण पुरतात, खालच्यासाठी १२५ लागतात. म्हणजे एकाने दिलेली शाबासकी पुसायला पाच जणांनी आपापल्या पदरचा एकेक गुण खर्च करायचा, आणि त्याआधी त्या पाचही जणांनी आठपट पात्रता कमवायची. क्रूर म्हणून बदनाम झालेल्या जागेचा तराजू कौतुकाकडे इतका कललेला होता! प्रश्नाला उणे मत देणं मात्र २०११ पासून फुकट आहे, आणि टीकाकारांच्या तक्रारीत जो काही दम आहे तो तिथेच आहे. त्याकडे येतोच.

या तथाकथित तुसड्या गर्दीने काय केलं हेही नोंदलेलं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की तिथल्या ९२ टक्क्यांहून अधिक प्रश्नांना उत्तर मिळत होतं, आणि पहिलं उत्तर येण्याचा मध्यक वेळ होता ११ मिनिटं. दुसऱ्या वर्षी, २०१२ च्या जूनमध्ये कुणीतरी विचारलं की तीच आकडेमोड क्रमाने लावलेल्या यादीवर झपाट्याने होते आणि विस्कळीत यादीवर रेंगाळते, हे कसं काय? उत्तर देणाऱ्याने रेल्वेच्या सांध्याचं छायाचित्र लावलं आणि वाचकाला सांधेवाल्याच्या जागी उभं केलं: गाडी येतेय, डावीकडे जाणार की उजवीकडे हे तुम्हाला ठाऊक नाही, थांबवून विचारायचं तर वेळ जाणार, म्हणून तुम्ही अंदाजाने सांधा लावता. अंदाज बरोबर तर गाडी सुसाट जाते, चुकला तर ती थांबवा, मागे घ्या, पुन्हा सोडा. प्रोसेसरही असाच अंदाज बांधत असतो, आणि क्रमाने लावलेल्या यादीत त्याचा अंदाज क्वचितच चुकतो. कॉलेजातल्या कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या तासाला जे डोक्यावरून जातं ते या एका पानात उतरतं. कुणी पैसे दिले नव्हते. हे औदार्य त्याच कडक जागेत फुललं, आणि माझ्या मते तो कडकपणा होता म्हणूनच फुललं. ज्या ठिकाणी आपल्या लेखनाशेजारी काहीही खपून जातं तिथे मन लावून लिहायला जाणकार फार दिवस थांबत नाहीत.

दारं सताड उघडी ठेवण्याचा प्रयोग पाहायचा असेल तर याहू आन्सर्स पाहा. ते २००५ मध्ये सुरू झालं. प्रश्न विचारला की ५ गुण जायचे, कसलंही उत्तर दिलं की २ मिळायचे, सर्वोत्तम ठरलं तर १०. हे ‘कसलंही’ महत्त्वाचं. अंगठा खाली करायची सोय तिथेही होती, पण गुणांच्या खात्याला तिची झळ नव्हती. परिणाम सांगायला तज्ज्ञ नको. लोक उत्तराच्या चौकटीत ‘माहीत नाही’ असं लिहून दोन गुण घेऊन जायचे, आणि काही जण तर वर ‘दोन गुणांबद्दल आभार’ असंही लिहायचे. निदान प्रामाणिक होते. ४ मे २०२१ ला याहूने दुकान बंद केलं तेव्हा जगाला त्यातलं आठवलं काय, तर गरोदरपणाबद्दलचा एक भयंकर स्पेलिंगचा प्रश्न, ज्याचा इंटरनेटवर कायमचा विनोद झाला. पंधरा वर्षं लाखो लोकांनी लिहिलं आणि मागे राहिली ती एक कोटी. तिथे अपमान कुणाचाच होत नव्हता.

क्वोराचा प्रकार वेगळा, आणि तो आपल्या जास्त परिचयाचा, कारण तिथे मराठीतही पुष्कळ लिहिलं जातं. फेसबुकमधून बाहेर पडलेल्या ॲडम डीॲन्जेलो आणि चार्ली चीव्हर यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. सुरुवातीची उत्तरं खरोखर वाचण्यासारखी असत. मग २०१७ मध्ये प्रश्नाखाली तपशील लिहिण्याची जागा काढली गेली. राहिलं फक्त एका ओळीचं वाक्य. २०१८ मध्ये ठरावीक लोकांना प्रश्न विचारण्याचे पैसे मिळू लागले. उत्तराचे नव्हे, प्रश्नाचे! ज्याला जाहिराती जास्त लागतील तो प्रश्न चांगला. मग ‘मी तीस वर्षांचा आहे, आता अमुक शिकायला उशीर झाला का?’ या छापाचे प्रश्न वय बदलून, शहर बदलून, विषय बदलून येत राहिले. ज्याला खरंच काही अडलंय असा माणूस त्या गर्दीत ओळखू येईना. खालचा बाण क्वोरावरही आहे, पण त्याची संख्या कुणालाच दिसत नाही. दाबला की उत्तराची पोच कमी होते म्हणे. तो बाण कंपनीशी बोलतो, वाचकाशी नाही. एखाद्या डॉक्टरी सल्ल्याला पाचशे जणांनी वर आणि चारशे जणांनी खाली ढकललं असेल तर वाचकाला दिसतात फक्त पाचशे. याला सौजन्य म्हणायचं असेल तर म्हणा. मी लपवाछपवी म्हणेन.

खुद्द स्टॅक ओव्हरफ्लोवरचं एक उदाहरण जरा सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण ते दोन्ही बाजूंना टोचतं. २०१० मध्ये जावा भाषेबद्दल प्रश्न आला: फाइलचा आकार बाइटमध्ये हातात आहे, तो माणसाला वाचता येईल असा, म्हणजे किलोबाइट-मेगाबाइटमध्ये कसा दाखवायचा? एका उत्तराने मोजक्या ओळींत काम केलं. पायरी-पायरीने भागत बसण्याऐवजी लॉगॅरिदम घेऊन थेट एकक काढायचं आणि एक दशांश स्थळ ठेवून आकडा छापायचा. देखणी युक्ती होती. वरचे बाण पडत गेले. पुढे एका संशोधकाने स्टॅक ओव्हरफ्लोवरचा जावा कोड लोकांच्या प्रकल्पांत किती उचलला गेलाय हे तपासलं, तेव्हा सगळ्यांत जास्त नकललेला तुकडा हाच निघाला, हजारो प्रकल्पांत, बहुतेक ठिकाणी मूळ लेखकाचा उल्लेखही न करता.

आणि तो चुकीचा होता. ९,९९,९९९ बाइट दिले तर उत्तर यायचं ‘१०००.० किलोबाइट’. यायला हवं होतं ‘१.० मेगाबाइट’. कारण एकक आधी ठरायचं आणि आकडा नंतर पूर्णांकित व्हायचा: ९९९.९९९ हा आकडा एका दशांश स्थळापर्यंत आणताना हजारावर गेला, पण तोवर किलोबाइटची पाटी लागून गेली होती. २०१९ मध्ये हे जाहीर लिहून सांगितलं ते मूळ उत्तर देणाऱ्यानेच. नऊ वर्षं शाबासकीचा पाऊस पडत होता आणि हजारोंनी तो कोड आपल्या घरात नेऊन लावला होता.

टीकाकार म्हणतील, पाहा, तुमचा खालचा बाण असूनही चूक पकडली गेली नाही. बरोबर. पण यावरून ते काय सुचवतात? की तो बाणच काढून टाका? ज्या गावात आगीचा एकच बंब आहे आणि तो वेळेवर पोचला नाही, तिथे बंब विकून टाकायचा ठराव करण्यासारखं आहे हे. या प्रकरणात कमतरता पडली ती असहमतीची. कौतुक फुकट होतं, तपासणीला पदरचा गुण मोजावा लागत होता. आणि चूक सापडल्यावर उत्तर जिथल्या तिथे सुधारलं गेलं, जुनी आवृत्ती कुणालाही पाहता येते, हेही या कडक जागेमुळेच शक्य झालं. कुणाच्या खाजगी गप्पांत सांगितला गेलेला कोड असा जाहीर दुरुस्त कधी होत नाही.

आता टीकाकारांच्या बाजूचं खरं काय ते बोलू, कारण त्यांचं सगळंच खोटं नाही.

एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच कबुली दिली की स्टॅक ओव्हरफ्लो बऱ्याच लोकांना, विशेषतः नवख्यांना, स्त्रियांना आणि वंचित गटांतल्या लोकांना, परकं आणि शिष्टांचं वाटतं. तक्रार खोटी नव्हती. पण पुढे इलाज काय केला? नव्या सभासदाच्या प्रश्नाशेजारी हात हलवणारं एक चिमुकलं चित्र आलं आणि ‘हा नवा आहे, सांभाळून घ्या’ अशा अर्थाची सूचना. मला यात केलेली गफलत अजून अस्वस्थ करते. तोवर त्या जागेचा सगळ्यांत मोठा गुण हा होता की तिथे मजकूर तोलला जायचा, माणूस नाही. लिहिणारा नागपूरचा आहे की नैरोबीचा, सोळा वर्षांचा आहे की साठ, याच्याशी बाणांचा संबंध नसायचा. त्या हलत्या हाताने माणसाकडे बोट दाखवलं. स्वागत म्हणून दाखवलं, मान्य, पण दाखवलंच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढचं पाऊल पडलं. प्रश्नाला मिळणाऱ्या अनुकूल मताची किंमत ५ वरून १० केली, तीही मागच्या तारखेपासून. जुने प्रश्न विचारलेल्यांची खाती रातोरात फुगली. प्रश्न विचारणंही कष्टाचं असतं, चांगला प्रश्न म्हणजे निम्मं उत्तर, वगैरे समर्थन झालं, आणि चांगल्या प्रश्नाबद्दल ते खरंही आहे. पण दोन कोटी प्रश्न साठलेल्या ठिकाणी आणखी प्रश्नांना खतपाणी घालणं म्हणजे वाचकाची वाट आणखी बुजवणं. २०१४ च्या आसपास नव्या प्रश्नांचा वेग शिखरावर होता आणि नंतर उतरत गेला, याचाही दोष टीकाकार कडकपणावर टाकतात. थोडा असेल. पण जावातलं ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ म्हणजे काय, हे २००८ मध्येच विचारून झालंय, त्याचं उत्तर तयार आहे, आणि त्यानंतर तेच विचारणाऱ्या शेकडो जणांना तिकडे धाडलं गेलंय. साठा भरत आला की नवी आवक कमी होणारच. ड्युप्लिकेट म्हणून बंद झालेला प्रश्न बहुधा तसाच राहतो, वर मूळ प्रश्नाची वाट दाखवणारी पाटी लागते. वेगळ्या शब्दांत शोधणाऱ्याला तोच एक नवा दरवाजा असतो. एवढी साधी गोष्ट त्या मुलाला कुणी समजावून सांगितली नाही, आणि ‘बंद’ हा शब्द त्याच्या तोंडावर आदळला. ही चूक शिक्क्याच्या शब्दांत होती. शिक्का चूक नव्हता.

खरा दोष कुठे होता? वेळेत आणि जागेत. प्रश्न आधी चारचौघांत जाहीर व्हायचा आणि मग त्याची झाडाझडती सुरू व्हायची. काय कमी आहे हे सांगणारे होते, पण ते सांगायचे उणे मत पडून गेल्यावर. त्यात एक खास वैतागाची तरतूद: ५० गुण होईपर्यंत दुसऱ्याच्या उत्तराखाली साधी शंकाही विचारता येत नाही. मग नवखा माणूस आपली शंका ‘उत्तर’ म्हणून टाकतो, कारण तेवढीच चौकट त्याला उघडी असते, आणि ते ‘हे उत्तर नाही’ म्हणून उडवलं जातं. एक दार बंद ठेवायचं, दुसऱ्यातून आला की हाकलायचं. याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये.

यावरचा योग्य इलाज त्याच कंपनीने २०२४ मध्ये सर्वांसाठी आणला, सोळा वर्षांनी. नव्या सभासदाचा प्रश्न आधी एका आडोशाच्या जागी जातो. तिथे अनुभवी लोक सांगतात: चूक कोणती येतेय तो संदेश जसाच्या तसा दे, कोड अर्धा तोडलायस, तू काय करून पाहिलंस ते लिही. उणे मतं नाहीत, तमाशा नाही. प्रश्न ठाकठीक झाला की मग तो चव्हाट्यावर येतो. अटी तेवढ्याच कडक राहिल्या, फक्त त्या आधी आणि खाजगीत सांगितल्या गेल्या. हसऱ्या चेहऱ्यांची, हलत्या हातांची गरज पडली नाही. टीकाकारांनी २०१८ मध्ये याचा आग्रह धरला असता तर मी त्यांच्यासोबत असतो. त्यांनी मागितला वेगळाच बदल: अटीच नकोत.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं मागितलं जातं त्यांना काय हवं असतं? नांदेड-लातूरकडच्या, मराठी माध्यमातून येऊन इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाची अडचण मला माहीत आहे. त्याला प्रश्न कळलेला असतो, इंग्रजी वाक्य जमत नसतं. त्याच्यासाठी स्टॅक ओव्हरफ्लोवरची सगळ्यांत प्रेमळ सोय कोणती होती? संपादन. २००० गुणांवरचा कुणीही अनोळखी माणूस त्याचं मोडकं इंग्रजी सरळ करतो, कोड नीट मांडतो, ‘आगाऊ आभार’ छाटतो आणि निघून जातो. त्याहून कमी गुणवाल्यानेही सुधारणा सुचवावी, ती मंजूर झाली तर त्याला २ गुण. मुलाला वाटतं, माझे आभार का कापले? शिष्ट मेले! पण त्याचा प्रश्न आता जगाला वाचता येतो. बाकी जगात कुणी इतक्या निमूटपणे दुसऱ्याची अर्जी सुधारून देत नाही. त्या मुलावर खरा अन्याय झाला तो भाषेचा: पोर्तुगीज, रशियन, जपानी, स्पॅनिशमध्ये अशा वेगळ्या जागा निघाल्या, भारतातल्या एकाही भाषेत नाही. हलता हात दाखवणाऱ्यांना हे सुचलं नाही, आणि खालचा बाण काढून यातलं काहीच सुटलं नसतं.

खऱ्या नावाच्या सक्तीबद्दल थोडक्यात. क्वोराने हा आग्रह वर्षानुवर्षं धरला आणि २०२१ मध्ये सोडला. आपल्याकडे या विषयाचं उदाहरण त्याहून कितीतरी जुनं आहे. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचक त्यात कामजीवनाबद्दलचे प्रश्न विचारत, जे ते घरच्यांनाच काय, डॉक्टरलाही विचारू शकले नसते, आणि कर्वे त्यांना छापील, रोखठोक, बिनगोडीची उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी २०० रुपये दंड बसलाच. त्या काळी नाव-गाव-पत्त्यासकट प्रश्न विचारायची अट असती तर कर्व्यांच्या टपालात काय आलं असतं? नावाच्या सक्तीने सभ्यता येते हे म्हणणाऱ्यांनी फेसबुकवर स्वतःच्या फोटोखाली, मुलांच्या फोटोशेजारी लोक काय काय लिहितात ते पाहावं. आणि कर्व्यांच्या उत्तरांत गोडवा नव्हता म्हणून वाचकांनी विचारणं थांबवलं नाही. त्यांना त्यांच्या शंकेचं खरं उत्तर हवं होतं.

खालचा बाण मुका असतो, ही तक्रार मात्र मी मान्य करतो. उणे एक: म्हणजे काय? चुकलं? जुनं झालं? धोक्याचं आहे? की नुसता सूर आवडला नाही? यावरचा एक चांगला मार्ग मराठीतच पाहायला मिळतो. ‘ऐसी अक्षरे’ या संस्थळावर प्रतिसादाला नुसता अंगठा नसतो, श्रेणी असते: मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, तसंच निरर्थक, भडकाऊ, अवांतर. आणि खवचट, जी श्रेणी मराठी माणसांशिवाय कुणाला सुचली नसती. सभासदाच्या खात्यात जमतं त्याला नाव आहे पुण्य. कल्पनेचं मूळ स्लॅशडॉट या इंग्रजी संस्थळात आहे, तिथे नव्वदीच्या अखेरीस अशा नावांच्या श्रेणी होत्या. पण मुद्दा मुळाचा नाही. ‘अवांतर’ असं म्हटलं की लिहिणाऱ्याला कळतं की त्याचं चुकलेलं नाही, जागा चुकलीय. ‘भडकाऊ’ म्हटलं की वाचकाला इशारा मिळतो. नापसंतीला कारण चिकटलं की तिचा निम्मा विखार जातो आणि उपयोग दुप्पट होतो. प्रोग्रामिंगच्या उत्तरांना ‘जुनं झालं’ आणि ‘सुरक्षेला धोका’ अशा दोन श्रेणी असत्या तर किती जणांच्या सर्व्हरची अब्रू वाचली असती! त्याऐवजी २०२१ पर्यंत विचारणाऱ्याने स्वीकारलेलं उत्तर सगळ्यांच्या वर खिळून ठेवलं जात होतं, खाली त्याहून सरस उत्तरं असली तरी. ज्याला विषय येत नाही म्हणून त्याने विचारलं, त्यालाच परीक्षक केलं. विचारणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवण्याचा मोह कुठवर नेतो पाहा.

राहिलं यंत्र. टीकाकारांचा हुकमी पत्ता हाच: लोक चॅटबॉटकडे गेले, कारण तो अपमान करत नाही. मला वाटतं लोक गेले कारण तो थांबायला लावत नाही आणि तुमचाच कोड घेऊन बोलतो. अकरा मिनिटांवरून अकरा सेकंदांवर आल्यावर माणूस परत फिरत नाही, मग आधीचा दुकानदार कितीही गोड असो. त्यावर भांडण नाही. पण ते यंत्र जे शिकलं त्यात या जागेचा साठा होता, आणि तो साठा वापरण्याजोगा राहिला तो दीड दशकं कुणीतरी ‘हे चूक आहे’ असं फुकटात म्हणत राहिल्यामुळे. यंत्राशी झालेलं संभाषण तुमच्यापाशी संपतं. त्याने तुम्हाला ‘१०००.० किलोबाइट’ सांगितलं तर खाली येऊन तसं लिहिणारा तिसरा माणूस तिथे असू शकत नाही. ज्या जागेत तो तिसरा असतो तिथेच यंत्राची उत्तरं बिनतपासणी ओतायची, हा सल्ला माझ्या समजुतीपलीकडचा आहे.

तिथे राबणाऱ्यांच्याही तो समजुतीपलीकडचा होता. चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीलाच, स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्वयंसेवक मॉडरेटरांनी त्याची उत्तरं टाकायला मनाई केली. ती दिसायला झकास आणि बऱ्याचदा चुकीची असत, आणि तपासणाऱ्या हातांपेक्षा वेगाने येत. पुढच्या वर्षी कंपनीने मॉडरेटरांना कळवलं की नुसत्या संशयावरून अशी उत्तरं उडवू नका, चांगल्या सभासदांवर अन्याय होतो. भाषा तीच, २०१८ ची. जून २०२३ मध्ये मॉडरेटरांनी आणि अनेक जुन्या सभासदांनी संप पुकारला. यातल्या कुणालाही पगार नव्हता, त्यामुळे पगारवाढ मागायचा प्रश्नच नव्हता. त्यांची मागणी होती की खराब उत्तरं काढून टाकायचं बिनपगारी काम त्यांना परत करू द्यावं. ऑगस्टमध्ये कंपनीला त्यांच्याशी तडजोड करावी लागली.